जत्रेच्या आठवड्यातला ठिपका

उपग्रहाला वरून सगळं दिसतं असं कुणी म्हणालं की मीनाक्षी देवकरला हसू यायचं. सगळं दिसतं म्हणे, डोंबल दिसतं. उपग्रहाला दिसतो फक्त उजेड, आणि त्या उजेडात काय कमी पडलंय तेवढं. बाकीचं खाली खुर्चीत बसलेल्या माणसाने ताडायचं. गंमत तिथेच आहे, आणि घोटाळेही तिथेच.

ती पुण्याजवळच्या वायुनिरीक्षण केंद्रात नोकरीला होती. तिथलं काम सांगायला सोपं आहे. सूर्याचा उजेड जमिनीवर पडतो, तिथून परत वर जातो, आणि जाता-येता हवेतला प्रत्येक वायू त्यातला आपापला रंग गिळतो. नायट्रोजन डायऑक्साइडला निळा-जांभळा भाग आवडतो, म्हणून तो साठला की आपल्या डोळ्यांनाही तांबूस दिसतो. कार्बन डायऑक्साइडची आवड वेगळी, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडावर ताव मारतो. परत आलेल्या उजेडात कुठला भाग किती कमी पडला हे मोजलं, की खाली कुठला वायू किती आहे ते कळतं. पूर्वीच्या उपग्रहांना हे शहराच्या मापाने दिसायचं, एक शहर म्हणजे एक डाग. आता लहान उपग्रहांचा थवाच आभाळात सोडलेला होता आणि त्यांना गल्ल्या दिसायला लागल्या होत्या.

गल्ल्या दिसायला लागल्या तशी माणसांना घाई झाली. 'उगमशोधक' नावाची एक संगणकप्रणाली बसवली गेली. तिच्याकडे देशातल्या कारखान्यांची, चौकांची, बेकऱ्यांची, हॉटेलांतल्या लाकडाच्या चुलींची नोंद होती. वायूचा ठिपका दिसला की ती जवळच्या नोंदीवर बोट ठेवायची, आणि त्या बोटाच्या इशाऱ्यावर गावोगावी नोटिसा निघायच्या.

मीनाक्षीचा जीव मात्र काही विचित्र ठिपक्यांत अडकला होता. काहीही जाळा, पेट्रोल, लाकूड, कचरा, हे दोन वायू सख्ख्या भावंडांसारखे बरोबरच वर येतात. पण मदुराई, त्रिशूर, सिलिगुडी, राजकोट, अमृतसर अशा शंभरावर शहरांत, जुन्या पेठांच्या मधोमध, असे ठिपके होते जिथे नायट्रोजनवालं भावंड जवळजवळ एकटंच वर येत होतं. म्हणजे वायू होता आणि त्याच्या मापाचा जाळ कुठेच नव्हता.

"उपकरणाचा दोष असेल," केंद्राच्या प्रमुख बर्वे मॅडम म्हणाल्या.

"दोष असता तर कुठेही दिसला असता, मॅडम. हा नेमका जुन्या पेठा बघूनच कसा येतो?"

"मग शोध. पण हातातलं काम सांभाळून," असं म्हणून मॅडमनी तिच्या टेबलावरची चिक्की उचलली आणि गेल्या. त्यांची परवानगी द्यायची ही पद्धत होती.

मीनाक्षीने मागच्या काही वर्षांची निरीक्षणं उपसली आणि तिला आणखी एक अजब गोष्ट दिसली. वर्षातून एकदा हे सगळे ठिपके एकदम विझायचे. पंजाबपासून केरळपर्यंत एकाच वेळी, आठवडाभर, आणि मग परत सुरू. दिवाळीत नाही, दिवाळीच्या आधी तर ते जास्तच फुलायचे. ईद नाही, पोंगल नाही, दुर्गापूजा नाही. अख्ख्या देशात एकाच आठवड्यात सुट्टी घेणारं हे कोण आहे, या प्रश्नाने ती इतकी पछाडली की दोनदा चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत बसली.

बरं, हे उगमशोधकाला आजवर का दिसलं नव्हतं? कारण तो दरवर्षीच्या त्याच त्या तारखांची सरासरी काढायचा, आणि ही सुट्टी तारीख पाळत नव्हती. एका वर्षी ती मेच्या सुरुवातीला होती, पुढच्या वर्षी दहाएक दिवस अलीकडे, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी अलीकडे, आणि मग एकदम उडी मारून पुन्हा पुढे.

बर्वे मॅडमनी आलेखावर नजर टाकली आणि त्या चक्क खुर्ची ओढून बसल्या. "अगं, ही तिथी आहे. अधिक महिना आला की उडी पडते बघ. तुझे ठिपके पंचांग बघून विझतात."

"कुठल्या तिथीला?"

"ते मला काय विचारतेस? मी आयुष्यात एक संकष्टी धड लक्षात ठेवली नाही."

त्याच दुपारी मदुराईहून मीनाक्षीच्या वडिलांचा फोन आला. तानाजी देवकर मूळचे हिंगणमाळचे, विट्याच्या पलीकडचं माळरानावरचं गाव. त्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सराफाकडचे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हे ते काम. हिंगणमाळचा एक तरी माणूस नाही असा सराफ बाजार देशात सापडणार नाही. मीनाक्षीचा जन्मही मदुराईतलाच, नाव त्यावरूनच पडलेलं. पण शाळेसाठी तिला लवकरच गावी आत्याकडे ठेवलं गेलं आणि तात्या तिला भेटायचे ते बहुतेक जत्रेत. त्यांचं काम म्हणजे भट्टीत सोनं वितळवणं, इतकंच तिच्या डोक्यात बसलेलं होतं.

"मिनू, जत्रेला येतीयास न्हवं? अष्टमीला नाथाची पालखी हाय. मी आन्‌ तुझी आई उद्या गाडीत बसतोय."

"कुठली अष्टमी, तात्या?"

"अगं, चैत्र वद्य अष्टमी. शिकून शिकून तिथी बी इसरलीस व्हय?"

मीनाक्षी समोरच्या पडद्याकडे बघत होती. तिने पंचांग उघडलं, एकेका वर्षाची चैत्र वद्य अष्टमी शोधली आणि आलेखावर खूण करत गेली. प्रत्येक खूण विझलेल्या आठवड्याच्या पोटात पडली.

तिला जत्रेची रीत आठवली. त्या आठवड्यात पंचक्रोशीतला कुठलाच गलाईवाला भट्टी पेटवत नाही. ज्या भांड्यात सोनं वितळतं ती मूस धुऊन पालथी घालायची, तिच्यावर भंडारा टाकायचा, शटर ओढायचं आणि गावची वाट धरायची. परत गेल्यावर नाथाचा अंगारा भट्टीला लावून मगच पहिला जाळ.

"तात्या, सोनं वितळवून झालं की पुढे काय करता?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा की."

"पुढं काय, वितळलेलं पाण्यात वतून दाणे पाडायचे आन्‌ तेजाबात घालून उकळायचे. चांदी, तांबं सगळं तेजाबात विरघळतं, सोनं तेवढं खाली ऱ्हातं. तांबडी वाफ निघती लई. तोंडाला फडकं बांधायचं." एवढं बोलून ते खोकले, नेहमीसारखे, बराच वेळ.

तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. ते धातू खातं तेव्हा जाळ लागत नाही आणि नायट्रोजन डायऑक्साइड मात्र ढगाने निघतो. जे कोडं घेऊन ती महिनोन्‌महिने फिरत होती, त्याचं उत्तर तिच्या बापाच्या छातीत बसलेलं होतं.

"आन्‌ एक वाईट झालं बघ," तात्या सांगत होते. "मुरुगेसनच्या चुलीला काल सील ठोकलं. कुठल्या उपग्रहानं पकडलं म्हणत्यात. इडलीच्या चुलीचा असा कितीसा धूर व्हणार? बिचारा बाकड्यावर बसून हाय."

मुरुगेसनचं छोटं हॉटेल तळमजल्यावर होतं आणि तात्यांची गलाईची खोली बरोब्बर त्याच्या डोक्यावर. मीनाक्षीला पहिला घास त्याच्या इडलीचा भरवला होता असं आई अजून सांगते. ते बोट उगमशोधकाने ठेवलं होतं, हे मीनाक्षीला पक्कं ठाऊक होतं.

*

हिंगणमाळ वर्षभर भकास असतं. मोठमोठी घरं, बाहेर कुलपं आणि आत धूळ. जत्रेच्या आठवड्यात मात्र तेच गाव ओळखू येत नाही. गल्लीत तमिळ, बंगाली, गुजराती, पंजाबी ऐकू येतं, आणि बोलणारी सगळी पोरं देवकर, निकम आणि मोहित्यांची.

मीनाक्षी पोचली तेव्हा तात्या देवळासमोर पालखीची दांडी तेलाने पुसत होते. पालखीची पुढची दांडी धरायचा मान देवकरांचा. तात्यांनी तो कधी सोडला नव्हता, धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध जत्रेच्या तोंडावर आलं तरी नाही. हा धाकटा भाऊ कानपूरला गलाई करायचा आणि छातीच्या दुखण्याने गेला. दमा होता, असं सगळे म्हणायचे. मीनाक्षीला आता त्या शब्दाचा राग यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला. उगमशोधकाने मदुराईच्या गल्लीपुढे शेरा मारला होता: चूल बंद, ठिपका बंद, कारण सिद्ध. त्याखाली शिफारस होती की बाकीच्या शहरांतही जवळच्या चुलींवर हाच उपाय करावा आणि मदुराईचा परवाना कायमचा रद्द व्हावा.

सील लागलं आणि दोनच दिवसांत गल्लीतले सगळे गलाईवाले जत्रेला निघाले, एवढंच काय ते झालं होतं. पण ते यंत्राला कोण सांगणार? तिलाच सांगायचं होतं. अहवाल तिने लिहूनही ठेवला होता आणि पाठवला नव्हता.

संध्याकाळी देवळाच्या पारावर तिने लॅपटॉप मांडला. आधी मागच्या महिन्याचा नकाशा दाखवला, तांबड्या ठिपक्यांनी भरलेला देश. मग आजचा दाखवला. त्या सगळ्या जागा स्वच्छ होत्या. ही आपली गलाई आहे असं तिने सांगितलं, आणि पारावर भलताच उत्साह पसरला.

"हा सिलिगुडीचा म्हंजी मी," बाळूनाना निकम पडद्याला बोट लावून म्हणाले. ते तात्यांचे मामेभाऊ. "आन्‌ हा राजकोट, आपला सर्जेराव. आयला, आपलं गाव आभाळातनं दिसतंय की रं."

जो तो आपला ठिपका शोधायला लागला. कुणाचा मोठा यावरून चेष्टा सुरू झाली. मीनाक्षीला ते थांबवताना वाईट वाटलं. पण तिने तेजाबाच्या वाफेचं सांगितलं, मुरुगेसनच्या चुलीचं सांगितलं, ठिपक्याच्या आकारावरून खोलीतल्या माणसाच्या नाकात किती जात असेल याचं तिने केलेलं गणितही सांगितलं. ठिपके शोधणारी बोटं एकेक करून पडद्यावरून मागे गेली.

"हे तू वर कळवलंस का?" बाळूनानांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग नको कळवू. अगं, परमुलखात भाड्याच्या खोल्यांत ऱ्हातोय आम्ही. उद्या नाव निघालं तर घरमालक सामान रस्त्यावर टाकंल. आमच्या बाजूनं कोण उभं ऱ्हाणार तिथं?"

"नाना, यावर उपाय आहे. वाफ वर ओढणारं झाकण बसवायचं आणि ती सोड्याच्या पाण्याच्या टाकीतून न्यायची. बहुतेक सगळा वायू पाण्यातच राहतो. चार-पाच दुकानांत मिळून एक टाकी चालेल. पण कारण मांडलंच नाही तर उपाय कोण देणार? आणि तोवर दुसऱ्यांच्या चुली बंद होत राहणार."

"दहा बाय दहाच्या खोलीत टाकी ठिवायची कुठं, माझ्या डोस्क्यावर?" नाना म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मीनाक्षीला कळत होतं.

तात्या इतका वेळ बाजूला पालखीची दांडी पुसत बसले होते. "म्हंजी मी हितं नाथाच्या पाया पडाय आलो म्हणून ठिपका इझला," ते सावकाश म्हणाले, "आन्‌ मशीनला वाटलं, मुरुगेसनची चूल इझली म्हणून इझला."

"हो, तात्या."

"तुझा उपग्रह मदुराईवर कवा येतो?"

"रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला. का?"

"काय न्हाय, इचारलं आपलं," असं म्हणून तात्यांनी पुन्हा दांडी पुसायला घेतली, ती आधीच लख्ख झाली होती.

सकाळी तात्या घरात नव्हते. आई चुलीवर पुरणाची डाळ शिजत घालून, तिच्याकडे न बघताच म्हणाली, "पहिल्या गाडीनं मिरजेला गेले. तिथनं मदुराई. दांडी धराय बाळूनानाला सांगितलंय."

"आई, आणि तू जाऊ दिलंस?"

"मी कोण अडवणार? म्हणाले, मुरुगेसनच्या बाकड्यासमोरनं रोज जायचं हाय मला."

मीनाक्षीने दिवसभर फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिला तात्यांचा राग आला, काळजीने जीव कासावीस झाला, आणि या सगळ्याच्या तळाशी निव्वळ लाज वाटत होती. अहवाल तिच्याकडे तयार होता. तिने एक कळ दाबायची होती, ती तिने दाबली नाही, म्हणून बाप पालखी सोडून दोन मुलूख ओलांडून गेला होता.

*

अष्टमीला दुपारी पालखी देवळातून निघाली. गुलालाने रस्ता लाल झाला होता. पुढच्या दांडीला बाळूनाना होते आणि त्यांचं लक्ष काही पालखीत नव्हतं. पालखी पाराजवळ टेकली तसे ते सरळ मीनाक्षीजवळ आले. त्यांच्यामागे चार, मग दहा, मग सगळेच गलाईवाले येऊन उभे राहिले.

नकाशा उघडा होता. अमृतसर, राजकोट, सिलिगुडी, त्रिशूर, सगळं स्वच्छ. उपग्रह दक्षिणेवरून सरकला आणि नव्या निरीक्षणाची पट्टी हळूहळू भरत आली. मदुराईपाशी आल्यावर जुन्या पेठेच्या मधोमध एक ठिपका उमटला. लहान होता, तांबडा होता, आणि अख्ख्या देशात तेवढा एकच होता. शेजारी जाळाचा मागमूस नव्हता.

जत्रेच्या आठवड्यात भट्टी पेटवलेला हिंगणमाळचा पहिला माणूस कोण, हे सांगायची गरजच नव्हती. चार दिवसांचं तेजाबाचं काम त्यांनी एका दुपारी काढलं असणार, नाहीतर एकट्या खोलीचा ठिपका वरून दिसला नसता. मीनाक्षीने तेवढ्यातही मनात गणित केलं, आणि केलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

तिचा फोन वाजला. बर्वे मॅडम होत्या.

"मीनाक्षी, मदुराईला ठिपका परत आलाय. चुलीला तर सील आहे. उगमशोधकाने स्वतःचाच शेरा मागे घेतला, म्हणतो कारण अज्ञात. तू बघतेयस ना?"

"बघतेय. मॅडम, कारण अज्ञात नाही. ती गलाई आहे, सोनं शुद्ध करायचं काम, तेजाबाची वाफ. आणि ते माझे वडील आहेत."

"तू कुठे आहेस?"

"जत्रेत, माझ्या गावी. तुम्हाला हवी होती ती तिथी आज आहे."

बाळूनानांनी गुलालाने माखलेला हात पुढे केला. फोन त्यांना हवा आहे असं तिला वाटलं, पण त्यांनी तो हात पडद्यावर ठेवला, सिलिगुडीच्या जागी. तिथे गुलालाचा ठसा उमटला.

"एकट्या तानाजीचं नको सांगू," ते म्हणाले. "आमचं बी सांग. समद्यांचं सांग. आन्‌ ती टाकी कशी बशीवत्यात ते बी त्यांनाच इचार."

मॅडमनी ते ऐकलं असावं. "समोर किती जण आहेत गं तुझ्या?"

"अख्खा नकाशा आहे, मॅडम."

"मग आजच पाठव अहवाल. मदुराईचा शेरा खोडायला मी आत्ताच सांगते. टाक्यांचं काय ते तुमच्या लोकांशी बसून ठरवू. त्यांना म्हणावं, मी येते."

मीनाक्षीने अहवाल उघडला. उगमांच्या रकान्यात वाहन होतं, कारखाना होता, चूल होती, कचरा होता. तिने खाली एक नवी ओळ घातली, 'गलाई' असं लिहिलं आणि या वेळी कळ दाबली.

पालखी पुन्हा उचलली गेली तेव्हा मदुराईचा फोन आला. आधी नुसता खोकला ऐकू आला, जुना, ओळखीचा, पण आज फारच लांबलेला. त्यामागे भांड्यांचा आवाज होता आणि कुणीतरी तमिळमध्ये घाईघाईने काही विचारत होतं.

"दिसलो का गं?" तात्यांनी विचारलं.

"दिसलात, तात्या," मीनाक्षी म्हणाली. "आता खिडक्या उघडा आणि बाहेर या."